बिनरिचार्जची छत्री

धरणेंद्र आण्णांनी दुकानातली छत्री उचलली, उलटी केली आणि मडकं घेताना वाजवून बघतात तशी बोटाच्या पेरानं वाजवून बघितली. सांगलीच्या गणपती पेठेतल्या त्या दुकानाचा मालक बाळासो गालातल्या गालात हसला. टीव्हीची छत्री वाजवून घेणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच बघितलं असणार.

"आवं आण्णा, त्यात वाजवायचं काय? पत्रा हाय तो."

"गंज धरंल का?"

"तुमच्या-माझ्या हयातीत न्हाई धरत."

बाळासोनं काउंटरवर दोन बॉक्स मांडले होते. एक कंपनीचा. चित्र झकास, वाहिन्या मोजता येणार नाहीत इतक्या, पण दर महिन्याला रिचार्ज मारायचं. दुसरा फुकटातला. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की पुन्हा कुणाला काही द्यायचं नाही. वाहिन्या थोड्या, चित्र बरं, झंझट नाही.

आण्णा कंजूस आहेत असं गाव म्हणायचं, आणि गाव फार चुकत होतं असंही नाही. फाटलेल्या चपलेला तिसऱ्यांदा टाके घालून घेणारा माणूस तो. पण त्या दिवशी ते पैशाचा विचार करत नव्हते. त्यांनी कंपनीच्या बॉक्सवर बोट ठेवलं.

"ह्येचं रिचार्ज संपलं तर काय हुतंय?"

"बंद पडतंय. भरलं की लगीच चालू."

"आन् भरायचं कसं?"

"मोबाईलवरनं. पारस भरंल की पुण्यातनं. दोन मिंटाचं काम."

इथंच आण्णांचा निकाल लागला. पारस पोरगा गुणाचा, आईबापावर जीव असलेला; पण आईच्या खुब्याचं ऑपरेशन कोणत्या दिवशी आहे हे त्यानं तीनदा फोन करून विचारलं होतं. तो विसरणार, आणि तो विसरला की गुणमालाचं पाणी बंद. बायकोचं पाणी पोराच्या आठवणीवर टांगून ठेवायला आण्णा तयार नव्हते.

पाणी बंद म्हणजे खरोखरच बंद. गुणमालाबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी गावात जैन मुनी महाराज आले होते. त्यांच्यापुढं पदर पसरून त्यांनी नियम घेतला होता, की जिनेंद्राचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. तेव्हापासून पहाट झाली की त्या बस्तीत, गावातल्या जैन मंदिरात. पूर असो, ताप असो, घरात लगीन असो. अष्टमी-चतुर्दशीचा उपवास, दिवस मावळायच्या आत जेवण आणि हा नियम, एवढीच त्यांची मिळकत होती आणि तिला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

आता खुबा मोडला. मिरजेच्या दवाखान्यात होत्या तेवढ्यापुरती महाराजांनी सूट दिली. घरी आल्यावर सूट संपली. पुतण्या भरतेश आणि आणखी एकानं खुर्चीत घालून त्यांना बस्तीत नेलं, तर येताना हाडातली पट्टी सरकली आणि पुन्हा मिरज. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, आता ह्यांना हलवू नका. मूर्ती काही बस्तीतून घरी आणता येत नाही. फोटो त्यांना चालेना. शेवटी महाराजांनीच वाट काढली. दूर कुठं अभिषेक चालला असेल आणि तो त्याच घटकेला डोळ्यांनी दिसत असेल, तर ते दर्शनच, मग मधे काच का असेना. म्हणून आण्णा दुकानात उभे होते आणि पत्रा वाजवून बघत होते.

"ह्या फुकटातल्यावर सकाळचा आभिषेक दावत्यात न्हवं?"

"दावत्यात. आत्ता तरी दावत्यात."

"आत्ता तरी म्हंजे?"

"आण्णा, आदी सांगितलेलं बरं. फुकटातल्या वाहिन्यांचं काय खरं नसतंय. कवा येत्यात, कवा जात्यात. आपल्या हातात काय न्हाई."

आण्णांनी हात झटकला. "शिनेमाच्या जात असतील. देवाची वाहिनी कोन काढतंय रं?"

बाळासोनं पावतीपुस्तक पुढं ओढलं. गिऱ्हाईकाशी देवावरनं वाद घालून धंदा होत नाही.

भरतेशनं आणि दुकानाच्या माणसानं मिळून छत्री माळवदावर बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर दुधाची धार मूर्तीच्या मस्तकावरून खाली आली, मग हळद, मग चंदन. गुणमालाबाईंनी पडल्या पडल्या हात जोडले. त्यांचे ओठ हलत राहिले, डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर गेलं. अभिषेक संपल्यावर त्या म्हणाल्या, "आता पानी द्या." आण्णांनी तांब्या त्यांच्या तोंडाला लावला आणि मग स्वतः चहा घेतला. त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा घेतला आणि स्वतःच्या अकलेची पाठ मनातल्या मनात थोपटली.

कारण नियम आण्णांचाही होता. कुठल्या महाराजांनी दिलेला नव्हता, तो त्यांचा त्यांनीच धरला होता. खुबा मोडल्यापासून तिनं पाणी घेतल्याशिवाय ते चहाला शिवत नसत. चहा नाही तर नाष्टा नाही, आणि नाष्टा नाही तर साखरेच्या आजाराची गोळीही नाही. गुणमालाबाई चिडायच्या. "माजा नेम देवासाटी हाय. तुमचा कशापायी?" आण्णा म्हणायचे, "माजा तुज्यापायी." एवढंच बोलणं, आणि तेही रोज.

टीव्हीची ती खोली बस्तीच झाली. आत येताना चपला बाहेर. टीव्हीसमोर कुणी काही खायचं नाही. अभिषेक संपला की आण्णा पडद्यावर धुतलेलं फडकं टाकत आणि दिवसभर दुसरं काही लागत नसे. भरतेशला क्रिकेटची मॅच बघायची होती, त्याला आण्णांनी असं काही बघितलं की तो परत त्या टीव्हीकडं फिरकला नाही. पावसात कधी चित्र अडखळायचं, पण थोड्या वेळानं यायचं. दोघांचा दिवस सुरू व्हायचा.

मग भाद्रपदात, दशलक्षण पर्व, म्हणजे जैनांचे व्रताचे दहा दिवस, सुरू झालं त्याच सुमाराला, एका सकाळी आण्णांनी फडकं काढून टीव्ही लावला, तर मूर्तीच्या जागी एक बाई नाचत होती. त्यांनी घाईघाईनं बटण दाबलं. पुढं एकजण तवा विकत होता. आण्णांना वाटलं, छत्री हलली असेल. शिडी लावून ते या वयात माळवदावर चढले, पत्रा पुसला, हातानं चाचपला. छत्री जागच्या जागी होती. त्यांनी बाळासोला फोन लावला.

"गेली ती, आण्णा. कालपास्नं गेली. मी बोललो हुतो."

"मग ती कंपनीची बसव. आत्ताच्या आत्ता."

"आत्ता कसं जमंल? गणपती बसल्यात. माजी सगळी मान्सं मांडवात स्क्रीना लावाय गेल्यात. दोन-चार दिस तरी कळ काढा."

"बाळासो, मानूस पान्याबिगर पडलंय रं घरात."

पलीकडं बाळासोला काही कळलं नाही. कळणार तरी कसं? टीव्हीचा आणि पाण्याचा काय संबंध?

तो दिवस आण्णांनी कसा काढला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. महाराज चातुर्मासासाठी कर्नाटकात होते, आणि ते फोन वापरत नाहीत. बस्तीतला अभिषेक फोनवर दाखवावा म्हटलं तर बस्तीत फोन चालत नव्हता. दारावर तशी पाटीच होती. गुणमालाबाई मात्र शांत होत्या. दुपारी त्यांचे ओठ वाळले. संध्याकाळी जीभ टाळ्याला चिकटायला लागली.

"तुमी तेवडा च्या घ्या," त्या म्हणाल्या.

"तू पानी घे, मग घेतो."

"माजं ऱ्हाऊ द्या. तुमची गोळी चुकली."

"चुकू दे."

दिवस मावळला. मावळल्यावर तर प्रश्नच मिटला, कारण रात्री त्या घरात कुणी काही खात-पीत नसे. आण्णा आढ्याकडं बघत पडून राहिले. आपण त्या दुकानात दुसऱ्या बॉक्सवर बोट ठेवलं असतं तर, हा एकच विचार दाताखाली खडा आल्यासारखा पुन्हा पुन्हा येत राहिला. पोरावर भरवसा ठेवला नाही आणि नको त्यावर ठेवला.

सकाळी भरतेश फोन घेऊन आला. त्यावर तरी अभिषेक लागतो का बघायचा. पण गावातला टॉवर पावसानं मुका झाला होता. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. आण्णा बाहेरच्या सोप्यात भिंतीला धरून उभे होते. त्यांच्या अंगाला घाम सुटला होता.

"आण्णा, एक सांगू का?" भरतेश हळूच म्हणाला. "माज्या फोनात एक आभिषेक हाय. त्याच वाहिनीचा. कुणीतरी पाटिवलेला. पर जुना हाय."

आण्णांनी आतल्या दाराकडं बघितलं. या माणसानं आयुष्यात वजनात मारलं नव्हतं, कोर्टात साक्ष फिरवली नव्हती. ते म्हणाले, "आभिषेक तर रोज सारकाच असतोय. तिला काय कळतंय? लाव."

फोन घेऊन ते आत गेले आणि तिच्या डोळ्यांपुढं धरला.

"आजचा हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"आजचाच हाय. आत्ता चालू हाय."

गुणमालाबाईंनी बघितलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं, ऐकलं. मग त्यांची नजर पडद्यावरून खाली सरकली आणि फोन धरलेल्या आण्णांच्या हातावर थांबली. हात लटलटत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. आण्णांना वाटलं, ग्लानी आली. पण थोड्या वेळानं डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "पानी द्या."

आण्णांनी पाणी पाजलं. मग स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या चहा प्यायले, गोळी घेतली आणि तिथंच भिंतीला डोकं टेकून रडले. खोटं बोलल्याचं दुःख होतंच, पण ती वाचली याचा आनंद त्याहून मोठा होता.

पुढं रोज तेच; गावात नेट काही येईना. भरतेश सकाळी फोन ठेवून जायचा, आण्णा तो तिच्यापुढं धरायचे. आता ती आजचा आहे का म्हणून विचारत नव्हती. हात जोडायचंही कधी कधी राहून जात होतं. अशक्तपणा असेल, असं समजून आण्णांनी तिचं दूध वाढवलं.

अखेर बाळासोचा माणूस आला. नवी छत्री, नवा बॉक्स. पारसनं पुण्याहून वर्षाचं रिचार्ज एकदम मारलं आणि म्हणाला, "आण्णा, आधी का नाही सांगितलं?" आण्णांनी फोन खाली ठेवला. पण त्या रात्री ते निवांत झोपले. खोटं संपलं होतं. उद्यापासून सगळं खरं.

सकाळी त्यांनी अंघोळ केली, पडदा पुसला, टीव्ही लावला. चित्र असं स्वच्छ की मूर्तीवरून ओघळणारा थेंब न् थेंब दिसावा.

"बघ गं," आण्णा म्हणाले, "किती लख्ख दिसतंय."

पडद्यावरच्या पंडितांनी कलश हातात घेतला आणि संकल्प सोडला. वर्ष सांगितलं, मास सांगितला, मग खणखणीत आवाजात, भाद्रपद शुद्ध द्वादशी.

आण्णांचा हात टीव्हीवरच राहिला. रोज सांगतात. अभिषेकाच्या आधी रोज तिथी सांगतात. भरतेशच्या फोनातल्या पंडितांनीही सांगितली होती, श्रावण वद्य चतुर्थी. रोज सकाळी तीच, त्याच आवाजात. आण्णांच्या कानावरून ती रोज गेली होती. आणि ऐकणारी कोण, तर जिनं जन्मभर अष्टमी आणि चतुर्दशी कॅलेंडर न बघता धरल्या, ती.

ते वळले. गुणमालाबाईंचं तोंड भिंतीकडं होतं.

"तुला कळलं हुतं?"

"पयल्याच दिशी."

"मग बोलली का न्हाईस? पानी का घेतलंस?"

पडद्यावर दुधाची धार सुरू झाली होती.

"तुमचं हात कापत हुतं," त्या म्हणाल्या. "मी न्हाई घेतलं तर तुमी घेनार नव्हता. माज्या आदी गेला असता."

"अगं, आता खरा हाय. बघ तरी. आजचाच हाय."

"आता काय बगायचं? मोडलेला हाय माजा नेम. ऐन पर्वात मोडला, आन् जानूनबुजून मोडला." आवाजात राग नव्हता. राग असता तर आण्णांनी तो अंगावर घेतला असता. "टाका त्यावर फडकं."

महाराज आले की प्रायश्चित्त विचारू, असं काहीतरी आण्णा पुटपुटले. त्यांचं त्यांनाच ते पोकळ वाटलं. लग्न होऊन आली तेव्हापासून जपलेली एक गोष्ट तिच्याजवळ होती आणि ती त्यांच्या चहाच्या कपात गेली होती. त्यांनी फडकं उचललं आणि पडद्यावर टाकलं. आतून मंत्र ऐकू येत राहिले.

"पानी द्या," गुणमालाबाई म्हणाल्या.

त्यांनी तांब्या तिच्या तोंडाला लावला. ती भिंतीकडं बघतच प्यायली. मग पहिल्यांदा मान वळवून तिनं त्यांच्याकडं बघितलं.

"आता तुमी च्या घ्या," ती म्हणाली. "माज्यासमोर घ्या. त्याच्यापायीच मोडलाय."