लिओनार्डने दत्तक का घेतला नाही

आमच्या निनादला मुलगी झाली आणि तिचं बारसं इथं परदेशात, टूनगॅबीच्या घरात झालं, ते साल दोन हजार एकवीस. एप्रिल संपत आला होता. साताऱ्याची माणसं टीव्हीच्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत बसली होती. शैलाअक्कांनी तिकडून पाळणा म्हटला, तो अडखळत आमच्यापर्यंत पोचला. त्यांच्यामागे गुरुदत्त तोंडावर रुमाल धरून बसला होता. चिन्मयी नाव ठेवलं तेव्हा त्याने लांबूनच हात हलवला. आठवड्याभरात त्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

शैलाअक्का माझ्या थोरल्या जाऊ. गुरुदत्त त्यांचा मुलगा, मला तो काकू म्हणायचा. जन्म त्याला मी दिला. अक्कांना मूल नव्हतं. निनाद माझा थोरला, थोरला मुलगा देत नाहीत, म्हणून दुसरा दिला. तो तीन वर्षांचा होता. भटजींनी खूण केली तेव्हा मी त्याला उचलून अक्कांच्या ओटीत घातला. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. सासूबाईंनी सांगितलं, आजपासून तू त्याची काकू. तेव्हापासून मी स्वतःला त्याची काकूच म्हणत आले. तो आजारी पडला की अक्का जागायच्या आणि मी सकाळी जाऊन विचारपूस करायची.

त्या दिवसांत भारताची विमानं बंद होती. तिकडून इथं येणाऱ्याला दंड नाहीतर तुरुंग, असं इथल्या सरकारने सांगितलं होतं. इथून जायलाही परवानगी लागायची. निनादने दोन दिवस फोनवर घालवले आणि मग माझ्यासमोर येऊन बसला. "आई, नाही जमत." मी बरं म्हटलं आणि बाळाच्या बाटल्या उकळायला ठेवल्या.

दुपारी मी आणि यामिनी, माझी सून, मागच्या अंगणात उन्हाला बसायचो. ती रजेवर होती. लाकडी कुंपणापलीकडे अल्बिन आजोबा राहायचे. ऐंशीच्या पुढचे, एकटे. त्यांच्याकडे पर्सिमॉनचं झाड होतं, त्याची केशरी फळं ते कुंपणावरून द्यायचे आणि फळाबरोबर त्यांच्या गावाचा इतिहास. यामिनी मराठीत सांगत जायची. मला वाचता येऊ लागलं ते साठीनंतर, त्यामुळे इतिहास कानानेच घ्यायची मला सवय.

गाव गोरित्सा. इटलीवाले त्याला गोरिझिया म्हणतात. एका अंगाला इटली, दुसऱ्या अंगाला स्लोव्हेनिया. आजोबांची आई जन्मली तेव्हा तिथं ऑस्ट्रियाचं राज्य होतं, तिचं लग्न झालं तेव्हा इटलीचं आणि ती म्हातारी झाली तेव्हा युगोस्लाव्हियाचं. घर तेच. दुसऱ्या मोठ्या लढाईनंतर साहेबांनी नकाशावर रेघ ओढली. किल्ला इटलीत राहिला आणि यांचं शेत पलीकडे गेलं. पुढे ती रेघ पुसली, लोक जाऊ-येऊ लागले. मागच्या वर्षी साथ आली तसं चौकात पुन्हा तारेचं कुंपण उभं राहिलं. आजोबांच्या बहिणी एक अलीकडे, एक पलीकडे. त्या कुंपणापाशी उभ्या राहून बोलत होत्या. "आपल्यासारख्याच," असं म्हणून त्यांनी आमच्या मधल्या फळीवर टकटक केलं.

त्या दिवशी ते किल्ल्याच्या धन्यांबद्दल सांगत होते. चारशे वर्षं तिथं एकाच घराण्याचे सरदार होते. शेवटचा लिओनार्ड. त्याची बायको पाओला इटलीतल्या मांतुआची राजकन्या. डोंगर ओलांडून आली, बरोबर रुखवताच्या मोठाल्या रंगवलेल्या पेट्या. त्या पेट्या अजून आहेत म्हणे. मूल मात्र जगलं नाही. ती आधी गेली. मग पंधराशे साली लिओनार्ड गेला. व्हेनिसवाले मुलखावर टपलेच होते, पण जुन्या करारामुळे सगळं ऑस्ट्रियाच्या राजाकडे गेलं.

मी यामिनीला म्हटलं, "विचार, त्याने दत्तक का घेतला नाही?"

आजोबा हसले. इथं आल्यापासून साठ वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. म्हणाले, तिकडे रक्त लागायचं. दुसऱ्याचा मुलगा गादीवर बसवला असता तर कोणी मानलं नसतं. मी सांगितलं, आमच्या साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी तसंच खालसा केलं. दत्तक त्यांनी मानला नाही. आम्ही मानतो.

आजोबांनी थोडा विचार केला आणि काहीतरी विचारलं. यामिनी बाळाचं टोपडं नीट करत बसली.

"काय म्हणतायत?"

"विचारतायत, ज्या आईने मुलगा दिला, तिला तो नंतर काय म्हणतो?"

"काकू," मी म्हटलं.

यामिनीने त्यांना आंटी असं सांगितलं. आजोबांनी मान हलवली. मग आम्ही आत आलो, मी बटाटे सोलले.

संध्याकाळी अक्कांचा फोन आला. वॉर्डात कोणाला सोडत नव्हते. अक्का दिवसभर बाहेर बाकावर बसायच्या. दिवसातून एकदा नर्स फोन आत नेऊन त्याच्यासमोर धरायची, तेवढीच भेट.

"आजची माझी पाळी तू घे," अक्का म्हणाल्या. "आई म्हणून बोल एकदा त्याच्याशी."

मी नको म्हटलं.

"गप गं. तिकडं जाऊन मेमसाहेब झालीस आणि मला नको म्हणतेस? माझं माझ्यापाशी आहे. तू बोल. मला बाहेर काही ऐकू येत नाही."

निनादने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून माझ्यासमोर उभा केला आणि तो बाळाच्या खोलीत गेला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग निळे हातमोजे, मग गुरुदत्त. नाकातोंडावर मास्क, दाढी वाढलेली. मी मनात जुळवलं होतं, गुरू, मी आई बोलतेय. एवढंच वाक्य होतं.

"गुरू, मी काकू बोलतेय," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले. "काकू. बारशाला पेढे कुठले आणलेस?"

"इथल्याच दुकानातले."

"कंदी?"

"कंदी इथं मिळत नाहीत."

"मग कसले पेढे," तो म्हणाला. त्याला दम लागला. नर्स म्हणाली, बास आता. पुन्हा छत दिसलं.

थोड्या वेळाने अक्कांनी विचारलं, "म्हणालीस?"

"नाही."

अक्कांच्या मागे गाड्यांचे आवाज येत होते.

"उद्याची पाळीपण तूच घे," त्या म्हणाल्या. "उद्या म्हण."

मी हो म्हटलं.

गुरुदत्त चौदा मे दोन हजार एकवीसला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, ती पाळी यायच्या आत, पहाटे साताऱ्यात गेला. तो अडतीस वर्षांचा होता.