टिनाने निवडलेली बॅटरी

मित्रांनो, साकीनाक्याला दादूच्या बॅटरीच्या दुकानामागे भंगाराची एक रास आहे. त्या राशीत सगळ्यात वर, ट्रकच्या एका लठ्ठ बॅटरीच्या डोक्यावर मला ठेवलं आहे. मी मोटरसायकलची बॅटरी. खालची लठ्ठ मला 'चिमुरडी' म्हणून हिणवते. म्हणू दे बापडी! तिला कोणीतरी दुकानातून नुसतं उचलून नेलं होतं, मला मात्र पारखून निवडलं होतं. आज माझ्यात एखादा बारीक दिवा उजळण्याइतकाही जीव उरलेला नाही, पण तो अभिमान काही जात नाही.

माझी घडण साधीच. शिशाच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये आम्ल शोषून घेणारे थर आणि वरून घट्ट बसवलेलं काळं झाकण. पाणी घालायची कटकट नाही. कारखान्यातून निघून मी दादूच्या फळीवर येऊन बसले आणि थोड्याच दिवसांत मरोळच्या गावठाणातून टिना आणि तिचे वडील ह्युबर्ट दुकानात आले. टिना लिफ्टच्या कंपनीत कामाला होती, विजेचं शिक्षण झालेली. तिच्या साडेतीनशे सीसीच्या गाडीची पहिली बॅटरी मेली होती.

"मोठीच घे गं," ह्युबर्ट म्हणाले. "ती चौदा अँपिअरची दिसतेय ना, ती घे. मोठी असली की टेन्शन नाय."

"पप्पा, ती बसवायला पेटी कापायला लागेल. आणि तिला भरणार कोण? मी रोज मरोळ ते पवई जाते, पुण्याला नाय जात."

"मग ही पाचवाली ने," दादूने लगेच दुसरा डबा पुढे सरकवला. "बाजूला फोम लावला की एकदम झकास बसते."

"बसेल रे. पण सेल्फ मारल्यावर इंजिन फिरवेल का ती? माझ्या गाडीला किक नाय, दादू. रस्त्यात बंद पडली तर धक्का तू मारणार?"

दादू हसला. मग टिनाने हेडलाइट किती खातो, हॉर्न किती, मोबाइलचा चार्जर किती, असा सगळा हिशोब तोंडीच मांडला. गाडी स्वतः किती वीज बनवते तेही तिला ठाऊक होतं. शेवटी तिने मला उचललं. बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तास. म्हणजे माझ्या पोटात किती वीज मावते त्याचं माप. माझं अधिक चिन्हाचं टोक कोणत्या बाजूला आहे, हे तिने आधीच्या बॅटरीशी ताडून पाहिलं आणि झाकणावरची बनवल्याची तारीखही वाचली.

"नुसती पडून राहिलेली नको मला," ती म्हणाली. "पडून राहिली की बॅटरी मरते."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर ते विसरू शकत नाही.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. टिनाचा अंगठा बटणावर पडला की मी सगळी ताकद एका दमात इंजिनाला देत असे, आणि गाडी रस्त्याला लागली की ती माझं देणं मला परत भरून देई. कधी टिनाची आई कॉन्सेप्टा मागे बसायची. लुगडं सावरत, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर घरी कुटून बाटल्यांत भरलेल्या 'बाटली मसाल्या'ची पिशवी. बहिणींकडे मसाला पोहोचवायला तिला हीच गाडी लागे. "हळू गो बाय, बाटल्या फुटतील!" असं ती ओरडायची आणि पवईचा तलाव आला की स्वतःच म्हणायची, "जरा एक चक्कर अजून मार."

मग टिनाला न्यूझीलंडला नोकरी लागली. निघताना तिने गाडी आईवडिलांच्या अंगणात, घराच्या कुंपणाजवळच्या क्रुसापाशी उभी केली.

"चालू ठेव हां पप्पा," एवढंच ती म्हणाली.

ह्युबर्टनी ते शब्द मनाशी धरले. दर रविवारी चर्चमधून आले की कोट खुर्चीवर टाकून ते थेट माझ्याकडे येत. आच्छादन काढायचं, टाकी पुसायची, बटण दाबायचं. इंजिन धडधडू लागलं की फोनवर तो आवाज भरून टिनाला पाठवायचा आणि गाडी बंद करायची. पाच मिनिटांचं काम. तो आवाज ऐकून ती तिकडून हसरे चेहरे धाडायची.

मी मात्र दर रविवारी थोडी मरत होते. बटण दाबलं की माझ्यातून मोठा घोट जाई. जागेवर उभं राहून मंद धडधडणारं इंजिन मला परत काय देणार? जे काही देई ते समोरचा हेडलाइट खाऊन टाकी, कारण या नव्या गाड्यांचा तो दिवा बंदच करता येत नाही. मी सदा अर्धपोटी राहू लागले. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि तो एकदा घट्ट झाला की पोट भरायची ताकदच जाते. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, मला रस्त्यावर न्या! पण बॅटरीला तोंड कुठे असतं?

शेजारच्या डेल्रॉयने मात्र सांगून पाहिलं. "अंकल, मी मारू का राउंड? नुसतं चालू-बंद करून काय फायदा?"

"नाय रे. काटा बघ," ह्युबर्ट किलोमीटरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले. "टिनाने जिथं ठेवला तिथंच हाय. ती येईल तेव्हा तिला तिथंच दिसला पाहिजे."

त्या दिवशी कॉन्सेप्टा पायरीवर लसूण सोलत बसली होती. "मला तरी तलावापर्यंत नेऊ दे डेल्रॉयला," ती म्हणाली. "किती दिवस झाले, त्या सीटवर बसले नाय."

"टिना आली की बस ना. पळून जातोय काय तलाव?"

तलाव कुठेच पळून गेला नाही. दिवाळी झाली, नाताळ झाला. कॉन्सेप्टाने आणखी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. फेब्रुवारीत एका सकाळी भाजी निवडता निवडता तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच ती गेली. त्या रविवारीही, घरात माणसं भरलेली असताना, ह्युबर्ट बाहेर आले आणि त्यांनी गाडीचं बटण दाबलं. मी कसंबसं इंजिन फिरवलं. तेच माझं शेवटचं काम.

टिना आली, दफन झालं. सातव्या दिवशी चर्चमधून परतल्यावर तिने चावी घेतली.

"चल पप्पा, मागे बस. मम्मीची तलावाची चक्कर राहिली ना, आपण मारून येऊ."

ह्युबर्ट मागे बसले. टिनाने बटण दाबलं. मित्रांनो, माझ्यात जे काही होतं नव्हतं ते मी गोळा केलं. टक. फक्त टक. तिने पुन्हा दाबलं. टक. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

ह्युबर्ट खाली उतरले. "एक पण रविवार चुकवला नाय गं मी. ती गेली तेव्हा पण नाय. मग कशी काय...?"

टिनाने बाजूची पेटी उघडून माझ्यावर मीटर लावला. आकडा पाहिला. मग किलोमीटरचा काटा पाहिला, जिथे तिने सोडला होता तिथेच. तिला सगळं कळलं. दादूच्या दुकानात पडून राहिलेली बॅटरी नाकारणारी मुलगी ती, तिला कसं कळणार नाही? तिने पेटीचं झाकण लावलं.

"बॅटरीच खराब निघाली पप्पा," ती म्हणाली. "माझंच चुकलं. मी नीट बघून घेतली नाय."

माझ्यावर आळ आला, पण मला राग आला नाही. उलट मला वाटलं, ह्या मुलीने मला निवडलं तेव्हा मी जेवढ्या उपयोगाची होते, त्याहून आज जास्त उपयोगी पडले. पण ह्युबर्टनी आधी तिच्याकडे, मग काट्याकडे पाहिलं आणि ते क्रुसाच्या चौथऱ्यावर बसले.

"तीनदा बोलली ती मला," ते म्हणाले. "तीनदा बोलली, नेऊ दे म्हणून."

टिना त्यांच्या शेजारी जाऊन बसली. ऊन अंगणात आलं तरी दोघं तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी मी दादूच्या भंगारात आले आणि माझ्या जागी नवी आली. तीही आठचीच. परत जाताना टिनाने चावी डेल्रॉयच्या हातात दिली आणि वडिलांना म्हणाली, "पप्पा, तू मागे बसायचं. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा मला काटा वाढलेला दिसला पाहिजे."

हे मला कसं कळलं? काल डेल्रॉय गाडी घेऊन दादूकडे नवी बॅटरी तपासून घ्यायला आला होता. मागे ह्युबर्ट होते, एका बाजूला पाय सोडून बसलेले, जशी कॉन्सेप्टा बसायची. दादूने विचारलं, तेव्हा त्यांनीच सगळं सांगितलं. तलावाकडे निघाले होते.

मला आता गाळतील. शिसं वेगळं होईल, कदाचित त्याची पुन्हा एखादी बॅटरीही होईल. माझं काही मागणं नाही. पण मित्रांनो, तुमच्या दारात एखादी गाडी झाकून उभी असेल, तर तिला नुसती पुसू नका, रस्त्यावर न्या. आणि मागच्या सीटवर बसायचं कोणी एकदा जरी म्हणालं, तर त्यांना आजच घेऊन जा.