कधी थंड न होणारी भट्टी

माइक हातात आला आणि फकिरा नेवारेला घाम फुटला. पोलाद कारखान्यात कोळशाचा कोक भाजणाऱ्या भट्टीच्या, कोक ओव्हनच्या, माथ्यावर तीस वर्षं काढलेला माणूस, आणि एसी हॉलमध्ये त्याला घाम!

हवामानबदल, वीज आणि अन्न यांवर तज्ज्ञांची चर्चा होती. एक अनुभवी कामगार हवा म्हणून कारखान्याच्या साहेबांनी त्याला सेक्टर ६ च्या कामगार वसाहतीतून इस्त्रीच्या शर्टात उचलून आणलं होतं. कोळशाच्या भट्ट्या बंद करायच्या, एवढं त्याला सकाळपासून कळलं होतं. कधी, ते कोणी सांगत नव्हतं. त्याची स्वतःची नोकरी चारच वर्षं उरली होती. पण पोरगी अनुजा मागच्याच महिन्यात त्याच्याच भट्टीवर लागली होती. पडद्यावर गोंदियाकडचं उन्हानं पोचट झालेलं धान दाखवलं, तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला. तिकडे त्याचा भाऊ धानच लावायचा. भट्ट्या बंद झाल्या तर पोरगी, धुरानं ऊन वाढत गेलं तर भाऊ; कुठल्या बाजूनं भ्यावं तेच त्याला कळेना.

वसुंधरा मॅडम मोठ्या तज्ज्ञ, पण नागपूरच्या. हिंदी-इंग्रजीत चाललेल्या त्या चर्चेत त्यांनी त्याला मराठीतच विचारलं, "फकिराजी, उन्हाळ्यात दोन महिने भट्टी बंद ठेवून पुन्हा पेटवली तर?"

फकिराला हसूच आलं. भीतीबीती विसरून तो खुर्चीवरून उठला.

"नाई जी मॅडम! थे का घरची चूल हाये? एकदा पेटवली का मरेपर्यंत थंडी होऊ द्याची नाई. अंदरची वीट तडकते. मंग खतम! लॉकडाऊनमदीबी आमी तिले तापती ठेवली."

"म्हणजे मधला मार्गच नाही," मॅडम साहेबांकडे वळल्या. "बंद करायची तर कायमचीच. मग सगळ्यात जुनी आधी घ्या."

सगळ्यात जुनी त्याचीच होती. साहेबांनी लिहून घेतलं. फकिरा खाली बसला. आपण काय बोलून बसलो! लोक मात्र त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

तो घरी पोचला तेव्हा अनुजा दुसऱ्या पाळीला निघत होती.

"बोलले का, बाबा?"

"बोललो. टाळ्या वाजवल्या लोकाईनं."

"मंग तोंड कावून उतरलं?" तिनं स्कूटर स्टँडवरून काढली. "आज मले कोळसा सोडाची गाडी चालवू देऊन राहिले. पहिल्यांदा!"

सांगावं, असं त्याच्या ओठावर आलं. धीर झाला नाही. त्यानं तिच्या स्कूटरचं हँडल धरलं आणि भट्टीत कोळसा कसा सोडायचा, ते दारातच उभं राहून तिला अगदी पहिल्यापासून सांगू लागला.