कॅप्टन बसून राहिले

कॅप्टनसाहेबांवर पुस्तक निघणार होतं. पंच्याहत्तरी आली म्हणजे पुस्तक हवंच, असं पक्षातल्या मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. लिहायला एक चुणचुणीत पत्रकार मुलगी नेमली होती. तिने लढाई विचारली, सुरुंगात गेलेला डावा पाय विचारला, पाच निवडणुका विचारल्या. साहेब रंगात येऊन सांगत होते. मग तिने वहीचं पान उलटलं. "पायांच्या कारखान्याच्या ठरावावर तुम्ही तटस्थ राहिलात. ते मनापासून, की पक्षाने सांगितलं म्हणून?"

"उद्या सांगतो," म्हणून साहेब उठले, ते चहा तसाच टाकून आत गेले.

आत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकलं होतं. कमी ऐकू येण्याचं सोंग ती फक्त पाहुण्यांपुढे करायची.

"अहो, आता तरी खरं सांगून मोकळे व्हा," ती म्हणाली. "आणि छापून येण्याआधी त्या मिस्त्रींच्या कानावर घाला. बारा वर्षं झाली, त्यांचं नाव निघालं की तुम्ही चष्मा पुसायला घेता."

"ते दुसऱ्या मजल्यावर राहतात."

"सरकार चालवलंत, दोन जिने चढवत नाहीत?"

मिस्त्री म्हणजे साहेबांचे पाय बनवणारा माणूस. सरकारी कारखान्यात चौदा जण लाकूड, चामडं आणि पट्टे घेऊन लंगड्या-पांगळ्यांना उभं करायचे, त्यांतले हे सगळ्यांत जुने. साहेबांच्या थोटक्या पायाची ठेवण त्यांना साहेबांपेक्षा जास्त ठाऊक. पुढे सरकारने कारखाना बंद करून बाहेरून तयार पाय घ्यायचं काढलं, तेव्हा विरोधकांनी कारखाना वाचवायचा ठराव आणला. साहेब सरकारपक्षाचे. तरी त्यांनी मिस्त्रींचा हात हातात घेऊन सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "माझं मत तुमचं. पक्षाने काढलं तर काढू दे."

आणि ते खोटं बोलत नव्हते. घोळ झाला तो निराळाच.

त्या सभागृहात मत द्यायचं ते उभं राहून. बाजूचे उभे राहायचे, कारकून डोकी मोजायचा, मग विरुद्धचे. साहेब पहिल्यांदा निवडून आले तेव्हा अध्यक्षांनी प्रेमाने म्हटलं होतं, "आपण बसून हात वर केलात तरी मोजू." साहेब ताडकन उठले. "ज्याला उभं राहता येत नाही, त्याने निवडून यावं कशाला?" बाकं बडवली गेली. सवलत नाकारल्याची नोंद झाली, वाक्य पोस्टरवर गेलं आणि त्या वाक्यावर साहेबांनी पुढच्या निवडणुका मारल्या. कुबड्या घेऊन सभेला येणारेही टाळ्या वाजवायचे. आपण त्यांच्याच थोबाडीत मारतोय, हे साहेबांना तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

ठरावाच्या दिवशी चर्चा लांबली. दुपार झाली की साहेबांचा थोटका पाय सुजायचा, म्हणून ते बाकाखाली गुपचूप पट्टे सोडून लाकडी पाय काढून ठेवत. त्या दिवशीही ठेवला. मतदान उद्यावर जाणार असं सगळेच म्हणत होते. तेवढ्यात घंटा झाली आणि अध्यक्ष म्हणाले, "ठरावाच्या बाजूचे उभे राहा."

साहेब वाकले. पाय घसरून पुढच्या बाकाखाली गेला होता, हात पोचेना.

बाक धरून एका पायावर उभं राहता आलं असतं. हात वर करता आला असता. शेजाऱ्याला "अरे, माझा पाय दे बाबा" म्हणता आलं असतं. पण विजारीचा रिकामा पाय लोंबकळत सगळ्या सभागृहापुढे उभं राहायचं? सुरुंगाच्या रानातून सरपटत बाहेर आलेल्या माणसाची तिथे मात्र हिंमत झाली नाही. ते बसून राहिले. विरुद्धचे उभे राहिले तेव्हाही बसून राहिले. बासष्ट विरुद्ध बासष्ट झाले, अध्यक्षांनी आपलं मत सरकारच्या पारड्यात टाकलं आणि कारखाना बुडाला.

पक्षाला वाटलं, वरून गर्जना करून गड्याने आतून इमान राखलं. सहा महिन्यांत साहेब राज्यमंत्री झाले. उभं राहता आलं नाही म्हणवून घेण्यापेक्षा विकला गेला म्हणवून घेणं त्यांना सोपं वाटलं, हीच त्या मंत्रिपदाची खरी कथा. नंतर त्यांना स्वतःची इतकी किळस यायची की गाडीवरच्या दिव्याकडे बघवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब कठडा धरधरून दोन जिने चढले. मिस्त्री आता घरातच खुर्च्या दुरुस्त करायचे. दार उघडल्यावर त्यांनी तोंडाकडे नाही, पायाकडे बघितलं.

"सैल झालाय. डावीकडे झुकताय तुम्ही. बसा."

साहेब बसले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. सुजलेला पाय, घंटा, पुढचं बाक.

"मला माहीत आहे," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"वर गॅलरीत होतो. पास तुम्हीच दिला होता. तुमची मान खाली गेली, उजवा खांदा वर आला. अठरा वर्षं तुम्हाला पाय चढवलेत, पट्टे शोधताय एवढं कळणार नाही?" त्यांनी खुर्ची आडवी केली. "दारावरच्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, बैठक उठेपर्यंत सदस्याला सांगता येतं, माझं मत मोजायचं राहिलं म्हणून. म्हटलं, सांगतील साहेब. सहा वाजेपर्यंत बसलो."

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "नियम मला ठाऊक होता," ते म्हणाले. "चार वाजता चहाला बाकं रिकामी झाली तेव्हा मी पाय चढवला. पुढे दोन तास तो पायातच होता."

"तेही दिसलं."

"मग तुम्ही वरून ओरडला का नाहीत?"

"ओठांवर आलं होतं. साहेबांचा पाय काढलेला आहे, त्यांचं मत धरा, एवढंच म्हणायचं होतं. पण मग सगळ्यांनी वाकून बाकाखाली बघितलं असतं. म्हटलं, नको, साहेबांना लाज वाटेल." मिस्त्रींनी आडवी खुर्ची सरळ केली. "चौदा घरं होती त्या कारखान्यावर. आणि मी तुमची लाज राखत बसलो. अजून कुणाला बोललेलो नाही. ते भेटतात रस्त्यात, तुम्हाला शिव्या घालतात आणि मी मान हलवतो."

साहेबांनी त्यांचा हात धरला. "पुस्तकात मी सगळं खरं सांगतो. दोष माझा एकट्याचा. तुम्हाला ठाऊक होतं, हे कुणालाही कळणार नाही."

मिस्त्रींनी हात हळूच सोडवून घेतला.

"म्हणजे तुम्ही मोकळे," ते म्हणाले, "आणि मी परत गप्प."