डाव्या अंगठ्याचा नेम

तिसऱ्यांदाही कॉम्प्युटरने तेच सांगितलं: या खेळाडूच्या डावात सामील होता येत नाही. श्रीपतीरावांनी माऊस टेबलावर आपटला, आणि मग वस्तू मुलाची, अपूर्वची आहे हे आठवून तो हळूच सरळ करून ठेवला.

टेबलावर फोन स्पीकरवर चालू होता. पलीकडे विरारहून त्यांच्या जुन्या दोस्ताची, महिपतची, नात सानवी बोलत होती.

"भाऊआजोबा, थांबा हां. आमच्या डब्यात एक सेटिंग बंद आहे. त्यामुळे असाच डबा असलेल्यांशीच खेळता येतंय. कॉम्प्युटरवाले चालत नाहीत."

"म्हणजे आमची पंगत वेगळी म्हण की गो."

"आता एकच करते," सानवी हसून म्हणाली.

डबा म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र. सानवीच्या वडिलांनी, विनोदने, ते तिच्यासाठी घेतलं होतं आणि आता ते आजोबांच्या वाट्याला आलं होतं. महिपतला मोबाइल धरवत नव्हता. पण डब्याचा रिमोट मांडीवर ठेवला की डाव्या अंगठ्याने स्क्रीनवरचा स्ट्रायकर हलवता येतो, हे सानवीच्याच लक्षात आलं. मग तिने श्रीपतीरावांना फोन लावला. त्यांच्याकडे डबा नव्हता, पण अपूर्व पुण्याला जाताना जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला होता. कॅरमचा हा खेळ दोन्हींवर चालतो, असं ती म्हणाली.

श्रीपतीराव कचेरीत हेडक्लार्क होते आणि महिपत तिथलाच शिपाई. सव्वीस वर्षं दुपारच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये त्यांचा बोर्ड लागायचा. रिटायर झाल्यावर तो श्रीपतीरावांच्या पडवीत आला. शिमग्यानंतर महिपतची उजवी बाजू गेली, वाचाही गेली, आणि विनोद त्याला विरारला घेऊन गेला. त्याला तीन महिने झाले होते. श्रीपतीराव एकदाही भेटायला गेले नव्हते.

बायकोला, पद्मजाबाईंना, त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. खरी गोष्ट निराळी होती. विनोद फोनवर म्हणाला होता, "काका, बाबा आता कोणाला ओळखत नाहीत. तुम्ही येऊन तुम्हालाच त्रास होईल." महिपतने आपल्याकडे परक्यासारखं बघितलं तर काय करायचं, या भीतीने त्या दिवसापासून श्रीपतीरावांचं पाऊल उचलत नव्हतं. माणूस भित्रा निघाला, आणि ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

"झालं," सानवी म्हणाली. "आता बघा."

स्क्रीनवर पिवळा बोर्ड उघडला. मधोमध सोंगट्या, त्यात लाल राणी. वर एका बाजूला 'श्रीपती', दुसऱ्या बाजूला 'महिपत'. श्रीपतीरावांनी ते दुसरं नाव दोनदा वाचलं.

खेळ सुरू झाला. महिपतचा स्ट्रायकर भलताच हळू सरकायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा मागे यायचा. तरी सोंगट्या जात होत्या.

"सानू, खरं सांग. तू खेळत्येस ना?"

"नाही हो. नेम तेच धरतात, बटणही तेच दाबतात. मी नुसती बाजूला बसलेय."

श्रीपतीरावांचा विश्वास बसला नाही. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून पोरी असलं काहीतरी करतात. पण खेळत असलाच, तर आजारी माणूस तो. त्यांची एक पांढरी सोंगटी पॉकेटच्या अगदी तोंडाशी होती, फुंकरीने पडावी अशी. त्यांनी नेम जरासा बाजूला घेतला आणि सोडून दिली.

महिपतची पाळी आली. त्याचीही एक काळी तशीच तोंडाशी होती. स्ट्रायकर हळूहळू तिच्यासमोर आला, थांबला, मग सरकत सरकत पार दुसऱ्या टोकाला गेला आणि जिथे एकही सोंगटी नव्हती अशा कोपऱ्यात त्याने फटका मारला.

"अहो आजोबा, इतकी सोपी होती," सानवीचा आवाज आला. "भाऊआजोबा, त्यांना कळलं नाही बहुतेक."

श्रीपतीराव खुर्चीत ताठ झाले. आई वारल्यावर तेरावं उरकून महिपत कामावर आला, तेव्हा दया येऊन त्यांनी अशीच एक सोंगटी सोडली होती. महिपतने त्यांच्याकडे एकवार बघितलं आणि आपला फटका रिकाम्या कोपऱ्यात घालवला. मग म्हणाला होता, "भाऊसाहेब, खेलायचा आसल तर नीट खेला. नायतर मी आपला चाय आनाय जातो." कचेरीत साहेबासमोर मान वर न करणारा माणूस, पण बोर्डावर त्याला उपकार चालत नसत.

खात्री करायला हवी होती. श्रीपतीरावांनी आणखी एक सोंगटी मुद्दाम चुकवली. माऊस सोडला आणि ते बघत राहिले. महिपतचा स्ट्रायकर या वेळी रेंगाळला नाही. तडक त्याच रिकाम्या कोपऱ्यात गेला.

"रागावलान," श्रीपतीराव म्हणाले. "सानू, रागावलाय गो तो माझ्यावर." आणि त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं.

मग ते नीट खेळले. राणी काढली, वर पांढरी घालून ती पक्की केली, आणि महिपतची एक काळी बोर्डावर असतानाच डाव संपवला. चार गुणांनी जिंकले.

"सानू, विनोदला सांग, मी शनिवारी येतोय."

"सांगते. पण आजोबा रिमोट सोडत नाहीयेत. एक बोट दाखवतायत."

"आणखी एक डाव म्हणतोय तो. लाव."

पद्मजाबाई केव्हापासून पानं घेतली म्हणून हाका मारत होत्या. शेवटी हात पुसत त्या दारात आल्या, आणि स्क्रीनवरचे आकडे त्यांना दिसले.

"काय हो, आजारी माणसाला हरवलंत? जरा सांभाळून घ्यायचंत."

"सांभाळून घेतलं तर उठून जाईल तो," श्रीपतीराव म्हणाले.

आता तो उठणार कुठला, हे बोलून गेल्यावर आठवून ते थबकले. पद्मजाबाई ताटं झाकायला आत गेल्या. श्रीपतीरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला. स्क्रीनवर महिपतचा स्ट्रायकर एकेक बोट सरकत जागेवर येत होता. ते थांबून राहिले. पहिला फटका त्याचा होता.