डावा दंड

भूमेश्वरीनं तांदूळ पाखडता पाखडता सूप थांबवलं. बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीवर, तिची सासू, मुन्नीबाई, खाटेवर बसली होती. मेडिकल कॉलेजातून आलेली रश्मी तिला औषधाची माहिती विचारत होती.

“ही गोळी कशाची, आजी?”

“रक्त पातळ करायची. दिलात नवी झडप बसवली नं, तिच्यात गाठ नाही झाली पाह्यजे.”

“आणि दंडावरचे हे निळे डाग?”

“गोळीचेच. उठवाले कोणी जरा धरलं का बोटं उमटतात. डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं.”

आत भूमेश्वरी हे पहिल्यांदाच ऐकत होती. दवाखान्यात तिचा नवरा ओमेश्वर औषधाच्या रांगेत उभा असायचा. डॉक्टरचं बोलणं मुन्नीबाई एकटीच ऐकून यायची.

दिवाळीपासून बिरसी गावात एकच बोलणं होतं, ओमेश्वरची बायको सासूला मारते. हातपंपावर ती गेली की बाया गप्प व्हायच्या. कोणी विचारलं की मुन्नीबाई डागांवर पदर ओढायची, पण पुन्हा घसरेल इतकाच सैल. आज सकाळीच ओमेश्वर म्हणाला होता, “उद्या तुझ्या भावाले बोलावलं. जाय त्याच्यासंग. पोरगी इथंच राहीन.”

शेजारच्या निर्मलाबाई सपरीत येऊन टेकल्या, तशी भूमेश्वरी बाहेर आली.

“मॅडम, डागाचं पुन्हा एकदा विचारा.”

रश्मीनं विचारलं. मुन्नीबाईनं निर्मलाबाईंकडे पाहिलं.

“मी म्हातारी, मले काय समजते? सुनेलेच विचारा.”

“आजी, आत्ताच तर तुम्ही...” रश्मी निर्मलाबाईंकडे वळली. “हे डाग या औषधानंही पडतात.”

“गोळीले का बोटं असतात, मॅडम? तुम्ही आज आल्या, आजच जासान. आम्ही रोज पाहून राहिलो.”

रश्मीनं आणखी एकदा समजावून पाहिलं. निर्मलाबाई तोंड फिरवून बसल्या. शेवटी तिनं पिशवी उचलली आणि जाताना भूमेश्वरीच्या खांद्याला नुसता हात लावला.

“भूमे, उठव मले,” मुन्नीबाईनं उजवा हात पुढे केला. भूमेश्वरी नेहमी त्याच बाजूनं धरायची. डावा दंड अजून कोरा होता.

भूमेश्वरीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“माझ्या हाताचं गावाले भेव वाटते, माय. काकी, तुम्हीच उठवा.”

“पाहा, आता हात बी लावत नाही!” निर्मलाबाई तरातरा उठल्या. जवळ पडला तो डावा दंड त्यांनी गच्च पकडला. “अस्सं उठवा लागते म्हाताऱ्या माणसाले. पाहून घे.”

“सोड वं, निर्मले,” मुन्नीबाई म्हणाली.

“भेऊ नका, बाई. मी नाही पडू देत.”

भूमेश्वरी त्या बोटांकडे पाहत होती. मुन्नीबाई उभी राहिली तेव्हा ती म्हणाली, “उद्या माझा भाऊ येऊन राहिला, काकी. तुम्ही बी येजा. चहाले.”

मुन्नीबाईनं डाव्या दंडावर पदर ओढला, आणि या वेळी घट्ट धरून ठेवला.