श्वासाची पाळी

आमच्या गायकवृंदात नाटकाचा दिग्दर्शक आला आणि आमच्या हातातल्या वह्या गेल्या. आम्ही गातो ते तीनशे वर्षांपूर्वीचं ख्रिस्ती धर्मसंगीत. एका निरपराधाला जमाव मरणाकडे कसा ढकलतो, त्याचं. आम्ही ते वर्षानुवर्षं खांबासारखे उभे राहून गात आलो. "नुसतं गाता काय? जगा ते!" दिग्दर्शक म्हणाला. स्वरांची त्याला ओळख नव्हती, पण आत्मविश्वास दांडगा.

शेवटच्या गाण्यात एक लांबलचक स्वर आहे. तो एका दमात कुणालाच पुरत नाही, म्हणून शेजारणी पाळीपाळीने श्वास घेतात. एक घेते तेव्हा दुसरी धरून ठेवते. माझी शेजारीण म्हणजे माझी थोरली नणंद. एकोणीस वर्षं आमची जोडी. त्यातली शेवटची चार आम्ही एकमेकींशी अवाक्षर बोललेलो नाही. सासूबाईंच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून वाजलं होतं. (मीच जास्त केलं, हे मी आजही सांगेन.) घरी तोंड फिरवायचं आणि तालमीत मात्र तिचा खांदा हलला की आपला दम धरायचा. आमच्यात तेवढंच उरलं होतं, आणि ते मला हवं होतं.

दिग्दर्शकाने नेमकं तेच तोडलं. तिला निरपराधाच्या बाजूला गुडघ्यांवर बसवलं, मला समोरच्या जमावात, तिच्याकडे बोट रोखून.

"द्वेष दिसू दे," तो म्हणाला. मी दाखवला.

"वा! अभिनय कुठे शिकलात?"

"सासरी."

शेवटी मात्र त्याला माझ्या चेहऱ्यावर पश्चात्ताप हवा होता. तो काही केल्या उमटेना. "घरचं काहीतरी आठवा," त्याने सुचवलं. म्हटलं, तीच तर अडचण आहे.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. लांब स्वर आला. माझी नवी शेजारीण तालमीपासून माझ्याबरोबरच श्वास घ्यायची आणि माझ्याबरोबरच तिचा दम संपायचा. तो संपला. माझाही दम सरत आला, आणि सवयीने मी नणंदेकडे पाहिलं. ती दुखऱ्या गुडघ्यांवरून उठली. गात गात रंगमंच ओलांडून आली, माझ्या डाव्या खांद्याशी उभी राहिली आणि स्वर धरला. विंगेत दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. मी श्वास घेतला आणि मला रडू फुटलं, अगदी खरंखुरं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, की शेवटी वैऱ्यांना एकत्र आणण्याची कल्पना ही दिग्दर्शकाच्या प्रतिभेची कमाल आहे. त्याने कात्रण तालमीच्या खोलीत फळ्यावर लावलं आणि नणंदेला बजावलं, "पुढच्या वेळीही अगदी तसंच. पावलं मोजून ठेवा."

तो गेल्यावर आम्ही दोघीच फळ्यासमोर उरलो.

"वहिनी," ती म्हणाली. चार वर्षांनी. "तू नेहमी पाळीच्या आधीच श्वास घेतेस."

"आधी कधी बोलला नाहीत, वन्सं?"

"मी धरून ठेवत होते ना. एकोणीस वर्षं."

कुणी किती केलं, हा विषय मी त्यानंतर काढला नाही.